क्रीडासंचालक, अमेरिकी विद्यापीठांतील

अमेरिकी विद्यापीठाच्या क्रीडाविभागाचा प्रशासकीय प्रमुख. प्रशिक्षकांच्या नेमणुका, अंदाजपत्रक, देणग्या व नियमपालन त्याच्याकडे असते. सामने आणि प्रक्षेपणाचे उत्पन्न वाटून घेणाऱ्या विद्यापीठगटांना ‘कॉन्फरन्स’ म्हणतात. या गटांच्या फेररचनेमुळे, म्हणजे विद्यापीठे एका गटातून दुसऱ्या गटात जात असल्यामुळे, संचालकाच्या निवडीला वेगळे महत्त्व आले आहे.

पदाच्या उगमाविषयी मतभेद आहेत. काही अभ्यासक तो १८८० नंतरच्या येलमध्ये, वॉल्टर कॅम्प यांच्या कारभारात शोधतात. मात्र कॅम्प यांचे वजन प्रामुख्याने माजी खेळाडू व सल्लागार म्हणून होते. दुसऱ्या मतानुसार आरंभ १८९२ चा : नव्याने उघडलेल्या शिकागो विद्यापीठात अध्यक्ष विल्यम रेनी हार्पर यांनी अ‍ॅमोस अलोन्झो स्टॅग यांना शारीरिक शिक्षण व क्रीडा यांचे संचालक नेमले आणि प्राध्यापकवर्गात स्थान दिले. क्रीडाकारभार विद्यार्थी व माजी विद्यार्थ्यांच्या हातून अध्यक्षांच्या अखत्यारीत आला तो येथे, म्हणून हे मत अधिक ग्राह्य वाटते. केवळ पदनामावर भर दिल्यास कालनिर्णय बराच पुढे सरकतो. हार्वर्डमध्ये क्रीडासमिती १८८२ पासून असली, तरी पहिले संचालक विल्यम बिंगहॅम १९२६ मध्ये आले. स्टॅग यांच्या शिकागोने पुढे १९३९ मध्ये (अमेरिकी) फुटबॉल बंद केला आणि १९४६ मध्ये बिग टेन कॉन्फरन्सच सोडली. फेररचना ही अलीकडची गोष्ट नव्हे, एवढे यावरून दिसते.

फेररचनेला वेग आला तो अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या १९८४ च्या निकालानंतर. फुटबॉलच्या प्रक्षेपणहक्कांवरील राष्ट्रीय विद्यापीठ-क्रीडासंघटनेची (एनसीएए) मक्तेदारी त्याने मोडली आणि कॉन्फरन्स स्वतः करार करू लागल्या. २०२२-२३ मध्ये पॅक-१२ या पश्चिमेकडील कॉन्फरन्समधील दहा सदस्यांनी बाहेर पडण्याचे ठरवले. २०२४ मध्ये वॉशिंग्टन स्टेट व ओरेगन स्टेट एवढेच उरले.

निवड बहुधा अध्यक्ष करतात. उमेदवार शोधून देणाऱ्या व्यावसायिक संस्थेची मदत अनेकदा घेतली जाते, विश्वस्तांची संमती लागते. उमेदवार अनेकदा दुसऱ्या विद्यापीठाचा विद्यमान संचालकच असतो, त्यामुळे एक जागा भरताना दुसरी रिकामी होते. वॉशिंग्टन विद्यापीठाचा बिग टेनमध्ये जाण्याचा निर्णय झाल्यावर काही आठवड्यांतच, ऑगस्ट २०२३ मध्ये, तेथील संचालक जेन कोहेन सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठात गेल्या. त्यांच्या जागी ट्युलेनहून ट्रॉय डॅनन आले. जानेवारी २०२४ मध्ये टेक्सस ए अँड एमचे रॉस ब्योर्क ओहायो स्टेटला निवडले गेले. मार्चमध्ये ब्योर्क यांची टेक्सस ए अँड एममधील जागा नेब्रास्काच्या ट्रेव्ह अल्बर्ट्स यांनी घेतली. अल्बर्ट्स नेब्रास्काचेच माजी फुटबॉलपटू होते, पण मातृसंस्थेचे नाते त्यांना थांबवू शकले नाही. त्याच महिन्यात डॅनन नेब्रास्काला गेले. वॉशिंग्टनमध्ये त्यांना सहा महिनेही झाले नव्हते. वॉशिंग्टनने मग त्याच राज्यातील वॉशिंग्टन स्टेटचे पॅट चन यांना घेतले. दोन सदस्यांच्या कॉन्फरन्समध्ये राहिलेल्या वॉशिंग्टन स्टेटने मात्र बाहेरचा उमेदवार न आणता क्रीडाविभागातील अ‍ॅन मकॉय यांना आधी हंगामी व नंतर कायम संचालक केले.