शिकारी बंदुकीचा पट्टा

छऱ्यांची लांब नळीची बंदूक खांद्यावर किंवा पाठीवर अडकवून नेता यावी म्हणून तिला दोन ठिकाणी जोडलेल्या चामड्याच्या, कॅनव्हासच्या किंवा नायलॉनच्या पट्टीला बंदुकीचा पट्टा किंवा स्लिंग म्हणतात. बारा बोअरची (बोअर म्हणजे नळीच्या व्यासाचे माप) दुनळी बंदूक साधारण तीन किलो वजनाची असते आणि तिची नळी बहुधा २८ ते ३२ इंच लांब असते. एवढे ओझे हातात धरून चढण चढणे जिकिरीचे असल्याने पट्टा सोयीचा ठरतो. मात्र हात मोकळे होताच बंदुकीवरचा हाताचा आणि नजरेचा ताबाही सुटतो, आणि पट्ट्याविषयीची जवळजवळ सगळी शिस्त याच अडचणीतून आली आहे.

पट्ट्याची एक फिरती कडी दस्त्याच्या, म्हणजे खांद्याला टेकवायच्या भागाच्या, खालच्या कडेला, मागच्या टोकाजवळ, स्क्रूने बसवलेली असते. दुसरी कडी दुनळी बंदुकीत नळ्यांच्या खाली झाळलेली असते, तर पंप ॲक्शन बंदुकीत (नळीखालची मूठ मागेपुढे सरकवून भरायच्या एकनळीत) ती बहुधा काडतुसांच्या नळीच्या टोपणावर असते. पट्टीची रुंदी सामान्यतः एक किंवा सव्वा इंच असते. ज्या जुन्या बंदुकीला कड्या नाहीत तिला भोके पाडू नयेत, कारण सुकलेला दस्ता स्क्रूपाशी चिरतो आणि पातळ नळीला नव्याने झाळकाम सोसतेच असे नाही. अशा बंदुकीसाठी दस्त्यावर चढवायची चामडी बाही आणि नळ्यांवर सरकवायचा फास मिळतो.

रायफलचा पट्टा दंडाला आवळून नेम स्थिर करता येतो, पण छऱ्यांच्या बंदुकीत त्याचा तसा उपयोग नाही. उडत्या पक्ष्यामागे ही बंदूक एका लयीत फिरवावी लागते आणि त्या वेळी नळीखाली लोंबणारा पट्टा झोका घेऊन ती लय मोडतो. म्हणूनच ब्रिटिश पद्धतीच्या पक्षी-शिकारीत पट्ट्याला फारसे स्थान नव्हते. दुनळी मध्यावर उघडून, दुमडलेल्या स्थितीत हातावर टाकून नेण्याची तिथे रीत आहे. युरोप खंडात मात्र पट्टा सर्रास वापरतात आणि काही बंदुकांत तो दस्त्यातच गुंडाळला जातो. आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या शॉटगन स्पर्धांत बंदुकीला पट्टा लावण्यास मनाई आहे.

उघडलेली दुनळी रिकामी आहे हे शेजारच्या माणसाला लांबूनही दिसते. पट्ट्यावर टांगलेली बंदूक बंद असते, त्यामुळे तिच्यात काडतूस आहे की नाही हे कुणालाच कळत नाही. त्यात अनेक दुनळी बंदुकांची सेफ्टी, म्हणजे चुकून बार होऊ नये म्हणून असलेली खीळ, फक्त चाप अडवते, काडतुसावर आघात घडवणारा आतला घोडा अडवत नाही, म्हणून खांद्यावरून घसरून आपटलेली भरलेली बंदूक सेफ्टी लावलेली असूनही उडू शकते. बाहेर घोडे असलेल्या जुन्या बंदुकीत पट्टा घोड्यातच अडकण्याचा धोका असतो. तेव्हा खांद्याला लावण्याआधी काडतुसे काढणे हाच एकमेव खात्रीचा नियम आहे. नळीचे तोंड वर ठेवले की पाऊस आत जातो आणि फांद्या अडकतात. खाली ठेवले की बसताना-उतरताना तोंडात चिखल शिरतो, आणि नळी तुंबलेली असताना बार काढल्यास ती फाटते.

ठाणे आणि नवी मुंबईत पट्ट्याची बंदूक दिसते ती बँकेच्या दारातील किंवा रोकड नेणाऱ्या गाडीजवळच्या रक्षकाच्या खांद्यावर. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ मुळे हौसेची शिकार बंद झाली. पिकांची नासधूस करणाऱ्या प्राण्यांबाबत कलम ११ खाली वन खात्याची परवानगी लागते. कलम ३१ नुसार लेखी परवानगीविना अभयारण्यात शस्त्र नेता येत नाही आणि हेच बंधन राष्ट्रीय उद्यानालाही असल्याने संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात मोडणाऱ्या येऊरच्या जंगलात, परवाना खिशात असला तरी, बंदूक खांद्याला लावून फिरणे गुन्हा आहे. कलम ३४ प्रमाणे अभयारण्यापासून दहा किलोमीटरच्या आतील परवानाधारकांना नोंदणी करावी लागते. ठाणे खाडीचा ऐरोलीलगतचा भाग २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य झाल्यामुळे हे कलम खाडीकाठच्या शहरी वस्तीलाही लागू होते. शस्त्र नियम, २०१६ नुसार सार्वजनिक जागी बंदूक पूर्ण झाकून न्यावी लागते; त्यामुळे खासगी परवानाधारकाला रस्त्याने नेताना पट्ट्यापेक्षा गवसणीचीच गरज अधिक.

खाडीकाठच्या दमट हवेत पट्ट्याची निगा हा वेगळाच विषय आहे. ओले कॅनव्हास किंवा चामडे नळीला टेकून राहिले की तिथला काळा मुलामा उडून तांबूस गंजाची रेघ उमटते, आणि ती सहसा कडीच्या अगदी मागे, सहज न दिसणाऱ्या जागी असते. पावसाळ्यात पट्टा काढून वेगळा वाळवावा, चामड्याला तेल लावावे आणि कड्यांखालचा भाग तेलाच्या फडक्याने पुसावा. बकलापाशी शिवण उसवली असेल किंवा दस्त्यातला स्क्रू बोटाने हलत असेल, तर दुरुस्ती होईपर्यंत तो पट्टा वापरू नये.