जुन्या घरांचे विद्युतदाबापासून संरक्षण

पुरवठ्यातील विजेचा दाब घटला, वाढला किंवा क्षणभर उसळला तरी घरातील वायरिंग व उपकरणे सुरक्षित राहावीत यासाठीची व्यवस्था. भारतात घरगुती पुरवठा २३० व्होल्टचा मानतात. वाडे, चाळी आणि कौलारू घरांतले वायरिंग बहुधा काही दिवे-पंख्यांपुरते केलेले असते: लाकडी पट्टीवरून गेलेल्या तारा, दोन पिनांचे सॉकेट, चिनीमातीचे किटकॅट फ्यूज. त्यावर फ्रिज, गीझर, एसी यांचा भार नंतर चढत गेला.

सर्वांत घातक बिघाड म्हणजे डीपीपासून (परिसराला वीज देणाऱ्या ट्रान्सफॉर्मरपासून) घरापर्यंत कुठेतरी न्यूट्रल, म्हणजे प्रवाहाच्या परतीची तार, तुटणे. तीन फेजमधले (वीज आणणाऱ्या तीन तारांवरचे) भार असमान असल्याने कमी भार असलेल्या घरात दाब ४०० व्होल्टच्या जवळ जाऊ शकतो. एका घरातले दिवे भगभगतात, त्याच वेळी शेजारचे मंदावतात. हे दिसताच मेन स्विच बंद करावा. फ्यूज किंवा एमसीबीचे (फ्यूजऐवजी बसवलेल्या, आपोआप पडणाऱ्या स्विचचे) काम जादा प्रवाह तोडण्याचे असल्याने दाब वाढला तरी ते वेळेत उडतीलच असे नाही. त्यासाठी दाब मर्यादेबाहेर जाताच पुरवठा तोडणारे वेगळे उपकरण मीटरनंतर बसवावे लागते.

शेतीपंप सुरू झाले की गावातली लाइट डिम होते; अशा ठिकाणी फ्रिजला स्टॅबिलायझर उपयोगी पडतो. मात्र त्यातल्या रिलेला (विजेवर चालणाऱ्या स्विचला) दाब सावरायला काही मिलिसेकंद लागतात, तर विजेच्या कडकडाटाने तारांत येणारी लाट मायक्रोसेकंदांत येऊन जाते. ती थोपवण्यासाठी सर्ज प्रोटेक्टर वापरतात. त्यातला झिंक ऑक्साइडचा व्हॅरिस्टर दाब चढताच वाहक बनतो आणि लाट अर्थिंगकडे, म्हणजे जमिनीत जाणाऱ्या तारेकडे, वळवतो.

जुन्या घरांची खरी अडचण अर्थिंगपाशीच येते. पूर्वी अर्थिंगची तार पुष्कळदा नळाच्या लोखंडी पाइपाला बांधत. पुढे तो पाइप बदलून पीव्हीसीचा आला आणि जमिनीशी असलेला संबंध तुटला, तरी तार जागच्या जागी दिसत राहते. म्हणून महागडा सर्ज प्रोटेक्टर घेण्याआधी परवानाधारक वायरमनकडून अर्थिंगचा रोध मोजून घ्यावा. तो जास्त निघाल्यास नवा अर्थिंग खड्डा करणे हाच पहिला खर्च असावा. फ्यूजला जाड तार गुंडाळण्याची सवय तर तात्काळ सोडावी, कारण मग फ्यूजऐवजी भिंतीतली तार तापते.

वळवाच्या पावसात ढग गडगडू लागण्यापूर्वीच टीव्हीचा प्लग आणि डिशची केबल दोन्ही काढून ठेवावीत; लाट केबलमधूनही शिरते.