‘शुगर’च्या पोटातले खडे

कोल्हापूरच्या मार्केट यार्डातून निघालेला गुळाचा रवा, म्हणजे ढेप, पुण्या-मुंबईच्या मॉलमध्ये पोचेपर्यंत त्याचं नाव बदलतं. पाकिटावर मोठ्या अक्षरांत ‘जॅगरी’ छापलेलं असतं आणि शेजारच्या फळीवर ‘शुगर’. गिऱ्हाईक दोन्ही पाकिटं हातात घेऊन त्यातलं पौष्टिक कोणतं याचा विचार करत उभं राहतं. ही दोन इंग्रजी नावं सख्ख्या बहिणी आहेत, हे मात्र पाकिटावर कुठंच लिहिलेलं नसतं.

दोघींची आई म्हणजे संस्कृतातली ‘शर्करा’. या शब्दाचा मूळ अर्थ गोड नाहीच. शर्करा म्हणजे खडे, कंकर, जाड वाळू. सुश्रुतसंहितेत मूतखड्याच्या विवेचनात ‘शर्करा’ येते ती याच अर्थानं, लघवीतून पडणारी कच म्हणून. उसाचा रस आटवल्यावर हाती येणारा दाणेदार पदार्थ वाळूसारखा दिसला, म्हणून त्यालाही तेच नाव मिळालं. त्याच घरातले आणखी दोन शब्द पाहा. ‘खंड’ म्हणजे तुकडा आणि ‘गुड’ म्हणजे गोळा. ‘गुड’चाच आपला गूळ झाला. तिन्ही नावांत गोडीचा उल्लेख नाही. नाव ठेवणाऱ्यांनी चवीपेक्षा रस कोणत्या रूपात थिजतो याकडे लक्ष दिलं आणि माझ्या मते तिथंच त्यांनी खरं रसायनशास्त्र केलं.

कारण साखर आणि गूळ यांतला मोठा फरक थिजण्यातच आहे. दोन्हींत मुख्य पदार्थ एकच, सुक्रोज. त्याच्या एका रेणूत कार्बनचे १२, हायड्रोजनचे २२ आणि ऑक्सिजनचे ११ अणू असतात. सगळे रेणू एकसारखे असले आणि त्यांना सावकाश रचून बसायला वेळ मिळाला, तर स्वच्छ कडांचा स्फटिक तयार होतो. फारच सावकाश होऊ दिलं तर खडीसाखर. पण उसाच्या रसात सुक्रोज एकटं नसतं. ग्लुकोज आणि फ्रुक्टोज असतात, क्षार असतात, रंगद्रव्यं असतात. हे परके रेणू मधेमधे घुसून सुक्रोजची रांग मोडतात. कारखान्यात रस शुद्ध करून, स्फटिक वाढवून, ते गरगर फिरवून त्यांच्याभोवतीची मळी काढून टाकतात. गुऱ्हाळावर मात्र चुना आणि भेंडीचा चीक वापरून वर येणारा मळ तेवढा काढतात. बाकी सारं काहिलीतच राहतं, म्हणून गुळाचे स्फटिक बारीक आणि रंग सोनेरी ते तांबूस.

गूळ करणारा कारागीर, म्हणजे गुळव्या, पाकाचे थेंब थंड पाण्यात टाकून बोटांनी गोळी वळून बघतो. गोळी नीट वळली की पाक साधारण ११८ अंश सेल्सिअसला आलेला असतो, मग त्याला थर्मामीटर कशाला लागतो? त्याच्या बऱ्याच आधी उतरवलं तर काकवी. ऊस तोडून बरेच दिवस पडून राहिला असेल, तर मात्र कितीही चांगला गुळव्या असो, रवा नीट बसत नाही. शिळ्या उसात सुक्रोज फुटून ग्लुकोज-फ्रुक्टोज वाढलेलं असतं आणि गूळ चिकट राहतो.

आता ‘शर्करा’ परदेशी कशी गेली ते. प्राकृतात तिची ‘सक्करा’, ‘सक्खरा’ झाली. त्यातून आपली साखर आली आणि ग्रीकांचं ‘साक्खारोन’ही. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक व्यापारी मार्गदर्शिकेत भडोचसारख्या बंदरांकडून जाणाऱ्या मालात ‘साक्खारी नावाचा वेताचा मध’ नोंदवला आहे. त्याच शतकातला वैद्य डायोस्कोरिडीस लिहितो की हा पदार्थ मिठासारखा असून दाताखाली मिठासारखाच फुटतो. इथंही पुन्हा दाणाच!

इंग्रजीतला ‘शुगर’ दुसऱ्या वाटेनं गेला. फारसी ‘शकर’, अरबी ‘सुक्कर’, मध्ययुगीन लॅटिन ‘सुक्कारुम’, जुनी फ्रेंच आणि मग तेराव्या शतकाच्या अखेरीस इंग्रजी. ‘शर्करा’तला ‘श’ ‘शुगर’मध्ये टिकला असं सांगणारे पुष्कळ भेटतात, पण तसं नाही. तो अरबीतच गळाला होता. इंग्रजीत आधी ‘स्यु’सारखा उच्चार होता, त्यातले ‘स’ आणि ‘य’ एकत्र येऊन ‘श’ झाला. ‘शुअर’ या शब्दातही हेच घडलं आहे. आवाज जुळला म्हणजे नातं जुळलं असं धरून चालणाऱ्यांनी हे उदाहरण जवळ ठेवावं. इथं नातं खरं आहे, पण त्याचा पुरावा म्हणून दाखवला जाणारा ‘श’ खोटा.

‘जॅगरी’ तिसऱ्या वाटेनं, पोर्तुगीज जहाजांतून गेली. दक्षिणेत ‘शर्करा’ची मल्याळममध्ये ‘चक्कर’ आणि कन्नडमध्ये ‘सक्करे’ झाली होती. किनाऱ्यावरच्या पोर्तुगिजांनी त्याचं ‘जागरा’ केलं आणि इंग्रजांनी ते उचललं. ‘खंड’ फारसीत ‘कंद’ होऊन पश्चिमेकडे गेला आणि शेवटी इंग्रजीत ‘कँडी’ झाला. उलट दिशेनंही नावं आली. हिंदीत साखर चीनची म्हणून ‘चीनी’ आणि खडीसाखर मिस्रची, म्हणजे इजिप्तची, म्हणून ‘मिश्री’. कोल्हापुरात हा शेवटचा शब्द जपून वापरावा, इथं मिश्री दाताला लावतात.

एवढं फिरून ‘शुगर’ आपल्याकडे परतला तो आजाराचं नाव होऊन. ‘आबांना शुगर आहे’ म्हटल्यावर कुणी साखरेचा डबा शोधत नाही. दवाखान्यात मोजतात ती ही साखर नव्हेच, ते असतं रक्तातलं ग्लुकोज. साखर पोटात गेली की लहान आतड्यातलं सुक्रेज नावाचं विकर सुक्रोजचा रेणू तोडतं, त्यातून एक ग्लुकोज आणि एक फ्रुक्टोज सुटतं, आणि ग्लुकोज रक्तात उतरतं. ‘शुगरवाल्याला साखर नको, पण गूळ चालतो’ हे कोल्हापूरच्या घराघरात ऐकू येतं. गुळात थोडे क्षार आणि लोह असतं हे खरं, पण त्याचा मोठा हिस्सा सुक्रोजच, आणि सुक्रेज दोन्हींना सारखंच तोडतं.