‘फीड’ कुणाचे? समाजमाध्यमे सोडून संथ लेखनाकडे वळण्यामागची पार्श्वभूमी

समाजमाध्यमांवरचे खाते बंद करायचे, किंवा नुसते पडू द्यायचे, आणि स्वतःच्या जागेवर सावकाश लिहायचे, अशी चर्चा अधूनमधून पुन्हा वर येते. ती बहुतेक वेळा मनोनिग्रहाच्या भाषेत होते: किती दिवस फोनला हात लावला नाही, किती तास वाचले. मागे वळून पाहिले की वेगळाच प्रश्न दिसतो. वाचकासमोर आधी काय यावे, हे कोणी ठरवायचे? गेल्या पंचवीस वर्षांतली जवळजवळ सगळी भांडणे या एका प्रश्नाभोवती फिरली आहेत. ती समजून घ्यायची तर ‘फीड’ या शब्दापाशी थोडे थांबावे लागते.

सुरुवातीचा काळ थोडक्यात सांगता येतो. 1994 च्या आसपास लोक आपापल्या पानांवर रोजनिशी लिहू लागले. डिसेंबर 1997 मध्ये ‘वेबलॉग’ हा शब्द आला, 1999 मध्ये त्याचा ‘ब्लॉग’ झाला आणि त्याच वर्षी तांत्रिक ज्ञान नसलेल्यालाही फुकट लिहिता येईल अशा सेवा सुरू झाल्या. ताजे लेखन वर, जुने खाली, हा क्रम तेव्हाच रुळला. अडचण वाचणाऱ्याची होती. आवडीचे वीस जण असतील तर वीस पाने रोज उघडून बघायची, आणि त्यातल्या सोळा जणांनी काहीच लिहिलेले नसायचे.

यावरचा उपाय मार्च 1999 मध्ये आला: आरएसएस, म्हणजे नवे लेखन वाचकापर्यंत आपोआप आणणाऱ्या ‘फीड’चा नमुना. या लघुरूपाचे तीन वेगवेगळे विस्तार वेगवेगळ्या गटांनी केले. 2002 मध्ये दोन आवृत्त्या एकमेकींशी न जुळणाऱ्या अशा शेजारीशेजारी नांदत होत्या. त्या भांडणाला कंटाळून काहींनी ॲटम नावाचा तिसरा नमुना तयार केला. तो डिसेंबर 2005 मध्ये अधिकृत मानक झाला. वाद तांत्रिक होता, पण त्याची किंमत सामान्य वाचकाने मोजली. पानाच्या कोपऱ्यातले फीडचे नारिंगी चिन्ह दाबले की नेमके काय होते, हे त्याला एका वाक्यात कुणी सांगितलेच नाही.

मुळात ती गोष्ट फार साधी होती. फीड म्हणजे लेखकाच्या संकेतस्थळावर ठेवलेली एक फाइल. नवे लेखन आले की तिच्यात नोंद पडते. वाचकाचे ॲप ठरावीक वेळाने जाऊन विचारते, काही नवीन आहे का? असेल तर आणते. कुणाचे आणायचे ते वाचक ठरवतो, लावायचे कसे तेही वाचकच ठरवतो. तीन महिन्यांनी एकदा लिहिणाऱ्यालाही त्यात रोज लिहिणाऱ्याइतकेच स्थान असते. संथ लिहिणे परवडत होते ते यामुळे. लेखक गप्प राहिला तरी त्याचा वाचक तुटत नसे.

2006 साली हाच शब्द दुसऱ्याने उचलला. सप्टेंबरमध्ये फेसबुकने ‘न्यूज फीड’ आणले. जुलैमध्ये ट्विटर खुले झाले होते, आणि तळ न लागता खाली सरकत राहणारे पानही त्याच वर्षीचे. न्यूज फीडविरुद्ध लाखो वापरकर्ते एकवटले, पण त्यांची तक्रार खासगीपणाची होती: माझी प्रत्येक हालचाल सगळ्यांसमोर का मांडता? ही मांडणी कुणाच्या हिशेबाने होते, हा प्रश्न तेव्हा बाजूलाच राहिला. मराठीनेही ‘फीड’ जसेच्या तसे घेतले आणि घोटाळाही सोबत आला. खरे तर आपल्याकडे दोन सरळ क्रियापदे आहेत. पहिले फीड आपण मागवतो, दुसरे आपल्याला भरवले जाते.

संथपणाची पहिली जाहीर मागणीही 2006 सालचीच, हा योगायोग मला महत्त्वाचा वाटतो. संथ आहाराच्या चळवळीवरून सुचलेला ‘संथ ब्लॉग’चा जाहीरनामा एका कॅनेडियन लेखकाने लिहिला. तेव्हा रोख ब्लॉगच्याच घाईवर होता, कारण त्या काळी ब्लॉग हेच वेगवान माध्यम मानले जाई. फेब्रुवारी 2009 मध्ये लाइकचे बटण आले, वर्षाअखेरीस रिट्वीटचे, आणि घाईची व्याख्याच बदलली.

सर्वांत वादग्रस्त ठरला तो गूगल रीडर बंद करण्याचा निर्णय. ऑक्टोबर 2005 मध्ये सुरू झालेला हा रीडर, म्हणजे निवडलेली फीड एका जागी वाचण्याची गूगलची सोय, अनेकांसाठी फीडचा समानार्थी शब्द झाला होता. 13 मार्च 2013 रोजी बंदची घोषणा झाली आणि 1 जुलैला तो थांबला. कारण दिले गेले की वापर घटला आहे आणि लक्ष मोजक्या उत्पादनांवर द्यायचे आहे. घट खोटी होती असे नाही. पण ऑक्टोबर 2011 च्या अखेरीस त्याच कंपनीने रीडरमधली आपापसांत लेख वाटण्याची, एकमेकांच्या निवडी वाचण्याची सोय काढून टाकली होती आणि वापरकर्त्यांना आपल्या नव्या समाजमाध्यमाकडे वळवले होते. त्या वेळी इराणमधल्या वाचकांनी कळकळीने विरोध केला. सेन्सॉरशिपमधून वाट काढत लेख पोचवण्याचे ते त्यांचे साधन होते. जिथे लोक वाचून बोलत होते ती जागा आधी बंद करायची आणि दीड वर्षाने वर्दळ कमी झाली म्हणायचे, हा युक्तिवाद मला आजही पटत नाही. बंदविरोधी अर्जावर एक लाखाहून अधिक सह्या झाल्या. पर्यायी वाचक ॲप्स होती, आजही आहेत. त्यांतल्या एकाकडे 48 तासांत पाच लाख लोक गेले. तुटली ती नव्या माणसाची वाट. ज्याने फीड कधी वापरलेच नव्हते, त्याला ते सुचवणारे मोठे दार उरले नाही. कशाला ‘फॉलो’ करायचे याचे उत्तर त्यानंतर समाजमाध्यम हेच झाले.

पुढे दाटीवाटीने बदल झाले. 2016 मध्ये ट्विटर आणि इन्स्टाग्राम दोन्ही कालक्रमापासून दूर गेले. जानेवारी 2018 मध्ये फेसबुकने मित्र-नातेवाइकांच्या पोस्टना वर आणले आणि बाहेरच्या लेखनाचा रीच आटला. मार्चमध्ये फेसबुक वापरकर्त्यांच्या माहितीच्या गैरवापराचे प्रकरण उघड झाले, खाते काढून टाकण्याची लाट आली. ऑक्टोबर 2022 मध्ये ट्विटर 44 अब्ज डॉलरला विकले गेले, तेव्हा तिच्याहून मोठी लाट उठली. आधी आपल्या जागेवर प्रसिद्ध करायचे, मग इतरत्र प्रत टाकायची, ही पद्धत 2011 पासून एक छोटा गट पाळत होता. ती एकाएकी अनेकांना शहाणपणाची वाटू लागली.

परतणारे मात्र फीडकडे क्वचितच गेले, ईमेलकडे गेले. न्यूजलेटरच्या सशुल्क सेवा 2017 पासून वाढल्या. ईमेलमध्ये क्रम वाचकाच्या हातात असतो, वाचकांची यादी लेखकाच्या हातात. पण एप्रिल 2023 मध्ये अशाच एका मोठ्या सेवेने छोट्या पोस्टचे स्वतःचे फीड सुरू केले, आणि त्याच सुमारास ट्विटरने तिच्या लिंक असलेल्या पोस्टवर लाइक व उत्तरे काही काळ रोखली. म्हणजे संथ लेखनासाठी उभारलेल्या जागेतही भरवणारे फीड आले आहे.

जुने फीड दरम्यान चालूच आहे. पॉडकास्ट ॲपपर्यंत नवा भाग आजही मुख्यतः आरएसएसनेच पोचतो. 2013 मध्ये रीडर सोडताना लोकांनी आपल्या फीडच्या याद्या ओपीएमएल नावाच्या फाइलमध्ये उतरवून घेतल्या होत्या. ती फाइल आजच्या बहुतेक वाचक ॲप्समध्ये उघडते. यादीतले बरेच पत्ते उत्तर देत नाहीत; जे देतात, त्यांचे नवे लेखन त्या क्षणापासून पुन्हा येऊ लागते.