संसर्गोत्तर पचनविकार (बालकांतील)

जिवाणूजन्य जुलाब किंवा आव बरी झाल्यावर, विष्ठेत जंतू सापडत नसतानाही मुलांत महिनोन्‌महिने टिकणारी पोटाची तक्रार. मुरडा येणे, पोट फुगणे, जेवून उठताच संडासला धावणे, क्वचित उलट मलावरोध ही लक्षणे. साल्मोनेला, शिगेला, कॅम्पिलोबॅक्टर हे जिवाणू बहुधा कारणीभूत असतात.

या विकाराच्या आद्य नोंदीचे श्रेय सहसा ऑक्सफर्डच्या चौधरी व ट्रूलव्ह यांना (१९६२) दिले जाते. त्यांच्या १३० रुग्णांपैकी सुमारे चतुर्थांशांचे दुखणे आवेनंतर सुरू झाले होते. तथापि स्ट्यूअर्ट यांनी आवेनंतरच्या बृहदांत्रविकाराचे वर्णन १९५० मध्येच केले होते. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात (हा भाग मूळ संहितेला मागाहून जोडला असावा) अतिसार थांबल्यावर, अग्नी मंद असताना अपथ्य केल्यास ग्रहणी (आयुर्वेदात अन्न धरून पचवणारा आतड्याचा भाग; तिच्या बिघाडालाही हेच नाव) बिघडते, असे म्हटले आहे. ग्रहणीत अपशोषणाचे (अन्नरस आतड्यात नीट न शोषला जाण्याचे) इतर विकारही बसत असल्याने दोन्ही एकच म्हणणे धाडसाचे होईल; निरीक्षण मात्र त्याच क्रमाचे आहे व ते पुष्कळ जुने दिसते.

मुलांविषयीचा भक्कम पुरावा कॅनडातील वॉकर्टन गावचा. तेथे मे २००० मध्ये नळाचे पाणी दूषित झाले. आजारी पडलेल्या मुलांपैकी १०.५ टक्क्यांना पुढील ८ वर्षांत क्षोभी आंत्र (आयबीएस; वर वर्णिलेली चिवट पोटाची तक्रार) जडले. आजारी न पडलेल्यांत हे प्रमाण २.५ टक्के होते. संसर्गानंतर आतड्याचे अस्तर वरकरणी भरून येते, पण त्यातील काही प्रतिकारपेशी व सेरोटोनिन स्रवणाऱ्या पेशी वाढलेल्या राहतात, मज्जातंतू हळवे होतात आणि एरवी जाणवणार नाही एवढ्या वायूनेही कळ येते. अशा मुलाला ‘शाळा चुकवायला नाटक करतो’ म्हणणे अन्यायाचे आहे. दुधाने जुलाब पुन्हा सुरू होणे ही निराळी बाब: लॅक्टेज (दुधातील साखर पचवणारे विकर) तात्पुरते घटलेले असते, ते बहुधा काही आठवड्यांत पूर्ववत होते. तेवढ्यावरून दूध कायमचे तोडू नये.

मुंबईत बहुतेक भागांत पाणी ठरावीक तासच येते. वाहिनीतला दाब उतरला की गळक्या सांध्यांतून शेजारच्या गटाराचे पाणी आत शिरू शकते. पावसाळ्यात हा धोका वाढतो. दाटीच्या वस्त्यांत एकाच मुलाला वारंवार संसर्ग होत असल्याने तक्रार जुन्या आजाराची की नव्या संसर्गाची, हे ठरवणे अवघड जाते. वजन घटणे, बारीक ताप, शौचातून रक्त किंवा रात्री झोपमोड करणारे जुलाब असल्यास हे निदान करू नये. या शहरात प्रथम आतड्याचा क्षय नाही ना, हे तपासावे लागते.