जठराम्लात औषधांचे विरघळणे : वनौषधी आणि आधुनिक औषधे

पोटात गेलेली गोळी आधी फुटते आणि मग तिच्यातले औषध जठररसात उतरते. फुटणे आणि विरघळणे या दोन वेगळ्या क्रिया आहेत. वनौषधी आणि आधुनिक औषधांची तुलना करताना बहुतेक गैरसमज या दोन्ही एकच धरल्यामुळे होतात.

खानदेशात शिरपूर, चोपडा, फैजपूर येथे फार्मसी महाविद्यालये आहेत. गोळी फुटण्याची चाचणी हा तिथल्या अभ्यासक्रमातला नेहमीचा प्रयोग आहे. जाळीचा तळ असलेल्या सहा काचनळ्यांत एकेक गोळी टाकतात. नळ्यांची चौकट ३७ अंश सेल्सिअसच्या द्रवात मिनिटाला सुमारे ३० वेळा खाली-वर होते. जठराम्लाऐवजी ०.१ नॉर्मल तीव्रतेचे हायड्रोक्लोरिक आम्ल घेतात; त्याचा पीएच (आम्लतेचे माप; आकडा जितका कमी तितकी आम्लता जास्त) सुमारे १.१ असतो. आवरण नसलेल्या साध्या गोळीला इंडियन फार्माकोपिया या औषधांच्या अधिकृत मानकग्रंथानुसार १५ मिनिटांची मुदत आहे. घरी लिंबाच्या रसात गोळी टाकून केलेल्या प्रयोगात ना हे तापमान असते ना ही हालचाल, म्हणून त्यावरून औषधाची प्रत ठरवू नये.

पॅरासिटामॉलच्या साध्या गोळीत पाणी लागताच फुगणारे घटक मिसळलेले असतात, त्यामुळे ती काही मिनिटांत फुटते. पण लवकर फुटली म्हणजे विरघळली असे नाही. आयबुप्रोफेन हे वेदनाशामक आम्लात जेमतेम विरघळते. आतड्यात आम्लता कमी झाल्यावरच ते नीट उतरते. ओमेप्राझोल हे अ‍ॅसिडिटीचे औषध तर आम्लात नासते, म्हणून त्याला आवरण लागते. आतड्यात उघडणारे आवरण दिलेल्या गोळ्यांची कसोटीच उलटी असते : त्या दोन तास आम्लात शाबूत राहिल्या पाहिजेत. अशी गोळी कुटून किंवा चावून घेतली तर आवरणाचा उपयोगच राहत नाही.

वनौषधींचा हिशेब निराळा आहे. चूर्णातला काष्ठमय भाग, म्हणजे सेल्युलोज, आम्लात विरघळतच नाही, आणि तो विरघळावा अशी अपेक्षाही नाही. त्यातून काय पाझरते हे पाहायचे. हिरड्यातील टॅनिने पाण्यात सहज उतरतात. अडुळशातील व्हॅसिसीन हे अल्कलॉइड (वनस्पतीतले नायट्रोजनयुक्त संयुग) आम्लाशी क्षार बनवून विरघळते, म्हणजे तिथे जठराम्ल मदतच करते. हळदीतले कुरकुमीन याच्या अगदी उलट : आम्लात ते टिकते, पण विरघळत जवळजवळ नाही. ते तेल-तुपात बरे विरघळते. शंखभस्मात मुख्यतः कॅल्शियमची संयुगे असतात. ती आम्लाशी थेट अभिक्रिया करून आम्लता कमी करतात. भरीत-पुरीच्या जेवणानंतर पोटात जळजळ झाल्यावर घेतलेले आधुनिक अँटासिडही तेच करते. इथे दोन्ही पद्धतींचे रसायनशास्त्र एकच आहे.

गुग्गुळाच्या गोळीकडे विशेष लक्ष द्यावे असे वाटते. गुग्गुळ म्हणजे डिंक आणि राळ यांचे मिश्रण. डिंक पाण्यात भिजतो, राळ भिजत नाही. आम्लात ठेवलेल्या गोळीचा बाहेरचा थर चिकट होतो आणि मधोमध कापली तर गाभा बराच वेळ कोरडा आढळतो. शिवाय गुग्गुलस्टेरोन ही गुग्गुळातली औषधी मानली जाणारी संयुगे राळेत असतात, म्हणून गोळी पूर्ण फुटली तरी ती आम्लात फारशी उतरत नाहीत. अशा गोळीला पॅरासिटामॉलचे घड्याळ लावणे अन्यायाचे. पण दगडासारखी कडक गोळी ‘नैसर्गिक’ म्हणून खपवणेही तितकेच चूक. बांधणी चांगली असेल तर वनौषधीची गोळीही ठरलेल्या वेळेत फुटते, आणि उत्पादकाने ते तपासून दाखवावे.

विरघळण्यावर पोटाची स्थितीही परिणाम करते. उपाशी पोटी पीएच साधारण १.५ ते ३.५ असतो, जेवणानंतर तो काही काळ वाढतो. इट्राकोनाझोल या बुरशीविरोधी औषधाच्या कॅप्सूलला आम्लता लागते, म्हणून अ‍ॅसिडिटीच्या औषधाबरोबर ती नीट विरघळत नाही.

साठवणही महत्त्वाची. जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो. पत्र्याच्या छपराखाली ठेवलेल्या गुग्गुळाच्या गोळ्या उन्हाने मऊ होऊन एकमेकींना चिकटतात. उष्णता आणि दमटपणा दोन्ही लागले तर जिलेटिनच्या कॅप्सूलचे कवच बदलते आणि उशिरा विरघळते. पाकिटावर ३० अंशांखाली ठेवण्याची सूचना असेल, तर खानदेशी उन्हाळ्यात औषध घरातल्या सर्वांत थंड, कोरड्या खोलीत ठेवावे.