‘योग्य पोशाख’ आणि ‘फॅमिली’: वॉटर पार्कच्या फलकावरच्या दोन ओळींची पार्श्वभूमी

पुण्याहून महामार्गाने साताऱ्याकडे येताना लागणाऱ्या एका वॉटर पार्कच्या तिकीट खिडकीशेजारी पत्र्याचा फलक आहे. वरची ओळ छापील: ‘पाण्यात उतरण्यासाठी योग्य पोशाख अनिवार्य. फक्त नायलॉन किंवा लायक्रा.’ तिच्याखाली ब्रशने रंगवलेली दुसरी ओळ: ‘अंगप्रदर्शक कपडे चालणार नाहीत. हे फॅमिली पार्क आहे.’ पहिली ओळ पार्क सुरू झाल्यापासूनची, दुसरी गेल्या पाच-सहा वर्षांत कधीतरी आलेली.

पोहण्याचा साधा पोशाख पहिल्या ओळीत चपखल बसतो आणि दुसऱ्या ओळीत अडतो. गेल्या मे महिन्यात याच फलकासमोर एका कॉलेजातल्या मुलीची आणि दारावरच्या रखवालदाराची बाचाबाची झाली. मी रांगेत तिसरा होतो. ती सांगत होती, “पोहण्याच्या तलावावर मी रोज हाच घालते.” तो म्हणत होता, “ताई, इथं फॅमिली येते.” तिचे आईवडील आणि धाकटा भाऊ तिच्या मागेच उभे होते. म्हणजे फॅमिली तिथेच होती.

आपल्या भागाला पाणी नवं नाही. वाईचे घाट, माहुलीचा संगम, कराडचा प्रीतिसंगम, सांगलीजवळचं हरिपूर, सगळीकडे पिढ्यानपिढ्या लोक कृष्णेत उतरत आले. पोरं पाठीला वाळका भोपळा बांधून विहिरीत पोहायला शिकली. तालमीतला लंगोट इथे कुणाला कधी खटकला नाही. काष्टा घालून चिखलात भात लावणाऱ्या बाईच्या पोटऱ्या उघड्या दिसतात, त्यालाही कुणी अंगप्रदर्शन म्हटलं नाही. बायका घाटावर लुगड्यानिशी बुडी मारायच्या. बहुतेकींना पोहता मात्र येत नसे, आणि ही गोष्ट पुढच्या सगळ्या वादात महत्त्वाची आहे.

पोहण्याच्या पोशाखावरून मराठी मुलखात झालेला गाजलेला गदारोळही आपल्या शेजारचाच. १९३८ साली कोल्हापूरच्या चित्रसंस्थेने काढलेल्या एका बोलपटात नायिका पोहण्याच्या पोशाखात पाण्यात गाणं म्हणताना दिसली. ते गाणं आजही आजी-आजोबांना पाठ आहे. टीका झाली, आणि चित्रपट तुफान चाललाही. पण पडद्यावरची नायिका एक आणि आपल्या घरातली मुलगी एक, ही विभागणी त्यानंतर पन्नास वर्षं तशीच टिकली.

ती मोडली वॉटर पार्कांनी. मुंबईत गोराईला १९८९ मध्ये मोठं मनोरंजन पार्क उघडलं, १९९८ मध्ये त्याला जोडून पाण्याचं पार्क आलं. खोपोलीचं मोठं पार्क २०१३ चं. मोठ्या शहरांचं पाहून महामार्गालगत, हिल स्टेशनच्या वाटांवर आणि तालुक्याच्या गावांबाहेर लहान पार्कं उभी राहिली. शाळांच्या सहली, भिशीचे गट, महिला मंडळं, उन्हाळ्यात माहेरपणाला आलेल्या लेकी, असा सगळा लोंढा तिकडे वळला. ज्या बायका आयुष्यात कधी पाण्यात उतरल्या नव्हत्या, त्या पहिल्यांदा उतरल्या, तेही परक्या लोकांदेखत.

‘योग्य पोशाख’ हा शब्द तेव्हा पंपघरातून आला, संस्कृतीतून नव्हे. सुती कपड्याचे धागे आणि लव सुटून गाळणीत अडकतात, पाणी गढूळ होतं, क्लोरीनचं प्रमाण बिघडतं. स्लाईडचा फायबर गुळगुळीत राहावा लागतो, चेन, रिव्हेट आणि धातूची बटणं त्यावर ओरखडे काढतात. जीन्स घातलेला माणूस घर्षणामुळे मध्येच अडकतो आणि मागून येणारा त्याच्यावर आदळतो. साडीचं तर सगळंच धोक्याचं. लाटांच्या तलावात निऱ्या पायांभोवती गुंडाळल्या की कमरेएवढ्या पाण्यातही उभं राहता येत नाही.

माझ्या आत्याचं उदाहरण देतो. वीसेक वर्षांपूर्वी तिच्या भिशीची सहल सांगलीहून अशाच एका पार्कात गेली होती, मी शाळकरी शेपूट म्हणून सोबत. रखवालदाराने शिट्टी मारून साडीवाल्या सगळ्या मावश्यांना काठावर बसवलं. त्याचं बरोबरच होतं. मग भाड्याच्या कॉस्च्युमची खिडकी दाखवली. गर्द निळ्या नायलॉनचा सैल टॉप आणि गुडघ्याखाली येणारी पँट, लॉकरच्या चावीबरोबर मनगटात अडकवायचं रबर. कपड्याला आधीच्या माणसाच्या अंगाचा आणि क्लोरीनचा मिसळलेला वास होता. बारा जणींतल्या चौघींनी तो घातला. आठ जणी पिशव्या सांभाळत बसल्या. आत्या चौघींतली. बदलायच्या खोलीतून बाहेर येताना तिने टॉवेल खांद्यावरून घट्ट ओढून घेतला होता आणि काठापर्यंत तो सोडला नव्हता. पाण्यात शिरल्यावर मात्र तिला बाहेर काढायला तासभर हाका माराव्या लागल्या. त्या दिवशी कपड्याचा नियम तिला पाण्यात घेऊन गेला, हे मला आजच्या वादात वारंवार आठवतं. तेव्हा ‘योग्य’ याचा अर्थ ‘पाण्यात उतरण्याजोगा’ एवढाच होता.

दुसऱ्या ओळीतल्या ‘फॅमिली’ शब्दाचा प्रवास वेगळा आणि जास्त गुंत्याचा आहे. आपल्याकडे हा शब्द हॉटेलांनी रुळवला. महामार्गावरच्या हॉटेलात पुढे दारूची टेबलं आणि मागे पडदा किंवा प्लायवूडची भिंत घालून ‘फॅमिली रूम’. ‘सोबत फॅमिली आहे’ म्हणजे सोबत बायका आहेत. त्या पाटीचं काम होतं बाईला पिणाऱ्या आणि टक लावून बघणाऱ्या पुरुषांपासून आडोसा देणं. बंधन पुरुषांवर होतं. सुरुवातीच्या पार्कांनी शब्द त्याच अर्थाने उचलला. नुसत्या पोरांच्या टोळक्याला शनिवार-रविवारी प्रवेश नाही, दारू पिऊन आलेल्याला नाही, रेन डान्सच्या जागी पुरुषांचा आणि कुटुंबांचा भाग वेगळा. हे नियम त्रासाचे वाटले तरी त्यामागची भीती खरी होती, आणि बायकांना ते हवेही होते.

पुढे टोळक्यांना बंदी ठेवणं परवडेना. आठवड्यातले मधले दिवस त्यांच्याच तिकिटांवर चालतात. बंदी सैल झाली, ‘फॅमिली’ शब्द मात्र फलकावर तसाच राहिला, आणि त्याचं तोंड फिरलं. आधी तो बघणाऱ्याला आवर घालत होता, आता जिच्याकडे बघितलं जातं तिला घालायला लागला. या वादात खरं काय बदललं असं विचाराल तर मी एवढ्याच बदलाकडे बोट दाखवीन. कपडे आखूड झाले, मुली बदलल्या, ही कारणं त्यापुढे दुय्यम आहेत. जलतरण तलावावर जाणाऱ्या मुलींचे पोशाख वीस वर्षांपूर्वीही तसेच होते.

मोबाइलच्या कॅमेऱ्याने यात भर घातली. घाटावर डोळे ओळखीचे होते, पार्कात अनोळखी झाले, आणि त्यानंतर ते डोळे चित्रण करून घरी न्यायला लागले. पाण्यातली आपली बहीण उद्या कुणाच्या ग्रुपवर दिसेल ही भावाची भीती काल्पनिक नाही. २०१३ च्या कायदा दुरुस्तीने बाईचं खासगी क्षणी चोरून चित्रण करणं हा गुन्हा ठरला, १ जुलै २०२४ पासून तो जुन्या दंड संहितेच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ मध्ये आहे. बदलायच्या खोलीतल्या कॅमेऱ्याला हे कलम नेमकं लागतं. उघड्या तलावाकाठी उभं राहून काढलेल्या व्हिडिओला ते तितकं सरळ लागत नाही. काठावर मोबाइलबंदी हा उपाय होता, पण लोकांना स्वतःचे फोटो हवे असतात आणि ते फोटो पार्कची जाहिरात करतात. मोबाइलपेक्षा मुलीच्या कपड्यांवर बोलणं सोपं पडलं.

‘अंगप्रदर्शक’ हा शब्द पार्कात आला तो मंदिरांच्या दारातून. २०२० च्या डिसेंबरात शिर्डीत सभ्य पेहरावाची विनंती करणारा फलक लागला आणि त्यावरून आंदोलनं झाली. मे २०२३ मध्ये तुळजापुरात अंगप्रदर्शक वस्त्रं आणि हाफ पँट, बर्मुडा घालणाऱ्यांना प्रवेश नसल्याचे फलक लागले आणि टीका होताच त्याच दिवशी मागे घेतले गेले. त्याच महिन्यात नागपुरातल्या काही मंदिरांनी वस्त्रसंहिता जाहीर केली, २०२५ च्या सुरुवातीला मुंबईच्या सिद्धिविनायक मंदिराने केली. मंदिरात काय घालावं हा वेगळा विषय आहे आणि त्यावर श्रद्धावंतांचं मत मला मान्य आहे. पण तुळजापूरच्या फलकावर निदान पुरुषांची बर्मुडा होती. पार्कात तो शब्द आला तेव्हा बर्मुडा वाटेत गळून पडली.

कायद्याच्या बाजूने सर्वात जवळचा निकाल ऑक्टोबर २०२३ चा, मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाचा. उमरेड तालुक्यातल्या वॉटर पार्क असलेल्या एका रिसॉर्टच्या सभागृहात आखूड स्कर्ट घालून नाचणाऱ्या स्त्रिया आणि ते बघणारे पाहुणे, असं ते प्रकरण. पोलिसांनी भारतीय दंड संहितेच्या कलम २९४ खाली, म्हणजे सार्वजनिक ठिकाणच्या अश्लील कृत्यासाठी, गुन्हा नोंदवला होता. न्यायालयाने तो रद्द केला. आखूड स्कर्ट घालणं, नाचणं किंवा हावभाव करणं एवढ्यानेच अश्लीलता होत नाही, आणि त्या कृतीने कुणाला प्रत्यक्ष उपद्रव झाला हे दिसलं पाहिजे, असा त्याचा आशय. आजच्या काळात स्त्रियांनी पोहण्याचा पोशाख किंवा तसे कपडे घालणं सर्रास आणि स्वीकारार्ह आहे, असंही न्यायमूर्तींनी नोंदवलं. हा निकाल गुन्ह्याबद्दल होता. खासगी जागेच्या मालकाने तिकिटावर काय अटी घालाव्यात, हा प्रश्न त्यांच्यापुढे नव्हता. त्यामुळे व्यवस्थापनं म्हणतात की निकालाचा आमच्याशी संबंध नाही. कायद्याच्या अक्षराने ते बरोबर असतील. पण मग ‘पोलिसांना बोलावू’ ही धमकी रखवालदाराच्या तोंडी शोभत नाही, आणि ती सर्रास दिली जाते.

बाहेरच्या देशांचं सांगायचं तर कॅलिफोर्नियातल्या १९५५ सालच्या जगप्रसिद्ध पार्कात १९६० च्या दशकात केस वाढवलेल्या पुरुषांना दारातून परत पाठवत. इंग्लंडात स्टॅफर्डशायरमधल्या एका मोठ्या पार्काने २००९ मध्ये पुरुषांच्या आखूड पोहण्याच्या चड्ड्यांवर बंदी घातली, कारण दिलं कौटुंबिक वातावरणाचं. फ्रान्समध्ये उलटं. तिथल्या सार्वजनिक तलावांवर स्वच्छतेच्या नावाखाली पुरुषांना सैल चड्डी चालत नाही, आणि अंग पूर्ण झाकणाऱ्या पोशाखावर २०१६ मध्ये काही गावांनी समुद्रकिनाऱ्यांवर बंदी घातली, त्यातल्या एका गावाची बंदी तिथल्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने स्थगित केली.

त्या मुलीचं पुढे असं झालं. तिकिटाचे पैसे ऑनलाइन भरलेले होते, परत मिळणार नव्हते. कपड्यांची दुसरी ओळ तिकिटावर नव्हती. वडील गप्प होते, आई रखवालदाराला समजावत होती. शेवटी धाकट्या भावाने पिशवीतून आपला टी-शर्ट काढून दिला. सुती, गुडघ्याच्या वर वीतभर येणारा. तिने तो पोशाखावर चढवला आणि रखवालदार बाजूला झाला. नायलॉनची ओळ त्याच्या डोक्यावरच होती.

पंधरा मिनिटांनी लाटांच्या तलावावर दुसऱ्या रखवालदाराने तिला शिट्टी मारली. सुती कपडा चालत नाही, बाहेर या.